कॅमेऱ्याला न दिसणारी जागा

कॅमेरा बसवायला गेलो की मी लगेच शिडी लावत नाही, आधी नुसता उभा राहतो. माणूस आत कुठनं येतोय, बसतोय कुठं, उजेड कुठल्या खिडकीतनं येतोय, हे सगळं बघायचं आणि मग ड्रिल काढायचं. गेली चौदा वर्षं बेळगाव, खानापूर, कधी निपाणीकडं, हेच काम करतोय. सराफी दुकानं, मंगल कार्यालयं, पतसंस्था, काजूचे कारखाने, गणपतीत गल्लीतले मंडप. लेन्स २.८ एमएमची घेतली तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळं येतंय पण माणसाचं तोंड लहान दिसतंय, ३.६ ची घेतली तर तोंड नीट ओळखता येतंय पण कडेचं सुटतंय. आणि कुठलीही लेन्स घ्या, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली किंवा जिथं भिंतीचा आडोसा आहे तिथं थोडी जागा सुटतेच सुटते. आम्ही तिला ब्लाइंड स्पॉट म्हणतो. ती जागा कमीत कमी राहावी म्हणूनच तर गिऱ्हाईक आम्हाला पैसे देतंय.

दोन वर्षांमागं जांबोटी रस्त्याला एका गावात असंच एक काम होतं. मुलगा पुण्यात कंपनीत, वडील वारलेले, आई एकटी. कौलारू घर, पुढं सोपा, मग माजघर, त्याला लागून चूल आणि मागं परडं. मुलाचं म्हणणं साधं होतं, आई पडली-बिडली तर मला कळायला नको काय? वायफायचा गोल फिरणारा कॅमेरा सांगितला त्यानं, ज्याच्यातनं इकडचं ऐकू जातंय आणि तिकडनं बोलता पण येतंय. मी माजघरात तुळईच्या खाली बसवला, तिथनं चूलही दिसत होती, सोप्याचं दार पण दिसत होतं. मोबाईलवर लावून दाखवला तेवढ्यात पुण्यातनं आवाज आला, "आई, वर बघ की!" आणि आजी दचकून पदर सावरत उभी राहिली.

मी सामान भरायला लागलो तर जवळ येऊन हळूच विचारलं, "बाळ, ते रातचं पण बघतंय काय रे?"

मी म्हणालो, "होय की आजी, काळोखात पण सगळं दिसतंय." त्या वेळी मला ती त्या मालाची खुबी वाटत होती, म्हणून जरा अभिमानानंच सांगितलं. आजी काही बोलली नाही. कॅमेऱ्याकडं बघितलं, चुलीकडं बघितलं आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा ठेवला.

हे मी विसरूनही गेलो असतो. पण त्याच्या पुढच्या पावसाळ्यात एक पुस्तक हाताला लागलं. आमच्याकडं जुलैत काम थांबतंय, खानापूर भागात तर आठ-आठ दिवस पाऊस डोळा उघडत नाही, शिडी लावायची सोय नसते. वाचनालयात बाबांचं नाव अजून चालू ठेवलंय मी, तिथनं अनुवाद आणला, जॉर्ज ऑरवेलच्या 'नाइन्टीन एटी-फोर'चा. नाव ऐकून होतो, 'बिग ब्रदर' हा शब्द तर आता टीव्हीनं कुठल्या कुठं नेलाय. वाटलं होतं भविष्यातल्या यंत्रांची गोष्ट असेल, माझ्याच धंद्यातली.

पहिल्याच प्रकरणात मी अडकलो. विन्स्टन स्मिथ नावाचा एकोणचाळीस वर्षांचा माणूस, त्याच्या खोलीत भिंतीला टेलिस्क्रीन, तो बोलतोय पण आणि बघतोय पण, बंद करता येत नाही. सगळ्यांच्या घरी तो टोकाच्या भिंतीला असतो, म्हणजे पूर्ण खोली दिसावी, पण याच्या खोलीत का कोण जाणे तो खिडकीसमोरच्या लांब भिंतीला बसवलाय आणि त्यामुळं त्याच्या एका बाजूला एक लहानसा कोनाडा सुटलाय. बहुतेक पुस्तकांच्या कपाटासाठी ठेवलेला. त्या कोनाड्यात अंग चोरून बसलं की टेलिस्क्रीनला आपण दिसत नाही, आवाज जातोय पण दिसत नाही. तिथं बसून तो डायरी लिहायला घेतो. सगळी कादंबरी त्या कोनाड्यात सुरू होते! म्हणजे कुणीतरी फिटिंग करणाऱ्यानं अँगल चुकवला, म्हणून एका माणसाला स्वतःशी बोलायला हातभर जागा मिळाली. मी पुस्तक पालथं घातलं आणि बराच वेळ पाऊस बघत बसलो. चौदा वर्षं मी तीच जागा बुजवत आलोय.

मग लेखकाविषयी शोधून शोधून वाचलं. खरं नाव एरिक आर्थर ब्लेअर, जन्म आपल्याकडचा, बिहारमधल्या मोतिहारीत, २५ जून १९०३. वडील अफूच्या सरकारी खात्यात. पुढं १९२२ पासून पाच वर्षं हा माणूस बर्मात ब्रिटिशांच्या पोलिसात होता, म्हणजे नजर ठेवण्याचं काम त्यानं स्वतःच्या हातानं केलेलं आहे, आणि १९४१ ते १९४३ बीबीसीत हिंदुस्थानसाठी कार्यक्रम लिहीत होता जिथं प्रत्येक मजकूर सेन्सॉरच्या हाताखालनं जायचा. शेवटी स्कॉटलंडच्या ज्युरा बेटावर एका शेतघरात, क्षयानं खंगत असताना, अंथरुणात बसून त्यानं हे पुस्तक टाइप केलं. ८ जून १९४९ ला ते बाहेर पडलं आणि २१ जानेवारी १९५० ला तो गेला. सेहेचाळीस वय म्हणजे काय वय आहे हो. पण त्यामुळंच त्या पानांत एक घाई आहे असं मला वाटतं, आणखी थोडं सांगायचं राहिलंय आणि दम पुरत नाही अशी.

त्या कादंबरीत टेलिस्क्रीनपेक्षा भयंकर गोष्ट ही आहे की आत्ता या क्षणी कुणी बघतंय का नाही हे कळायला काही मार्गच नाही. कदाचित कुणीच बघत नसेल. पण बघत असेल असं धरूनच चालायचं, तोंडावर तोच एक समाधानी भाव ठेवायचा. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, कारण आमच्या बाजारात डमी कॅमेरा मिळतोय. आत काही नसतंय, रिकामं खोकं, दोन सेल आणि एक लुकलुकणारा तांबडा दिवा. ज्यांना खरा परवडत नाही ते तोच नेतात आणि गोडाऊनच्या दारावर लावतात, आणि तो चालतो हो, खरंच चालतो, मी स्वतः बघितलंय, त्याच्या खाली उभा राहिलेला कामगार शर्ट नीट करतो, बिडी विझवतो. जेरेमी बेंथम नावाच्या इंग्रजानं अठराव्या शतकाच्या शेवटी असा एक तुरुंग कागदावर काढला होता, मधे मनोरा, भोवतीनं गोल कोठड्या, मनोऱ्यात पहारेकरी आहे का नाही ते कैद्याला कधी दिसूच नये. पहारेकरी मग लागतच नाही, कैदी आपला आपल्यावर पहारा ठेवतो. हिंडलग्याच्या जेलवरनं मी आठवड्यातनं दोनदा जातो, त्याच्या भिंती उंच आहेत, पण भिंत म्हटल्यावर निदान आत कुठं आणि बाहेर कुठं ते कळतंय.

पुस्तक पुढं वाचत गेलो तसं विन्स्टनच्या नोकरीपाशी आलो, आणि तिथं मला बाबाच दिसायला लागले. विन्स्टनचं काम काय, तर जुन्या पेपरांतला मजकूर बदलायचा. सरकारचं भाकीत चुकलं की जुना अंक काढून त्यात भाकीतच बदलून टाकायचं, आणि मूळ कागद भिंतीतल्या एका भोकात सोडायचा, तो खाली जाऊन जळतो. चॉकलेटचं रेशन तीस ग्रॅमचं वीस होतं, आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते की ते वाढवून वीस केलं, आणि लोक आभार मानतात. एकदाच, काही वर्षांमागं, त्याच्या हातात एक फाटलेलं कात्रण आलेलं असतं, जुन्या पेपरचा अर्धा तुकडा, त्यावर फोटो, आणि तो फोटो खरा असेल तर सरकारनं तीन माणसांकडनं वदवून घेतलेली कबुली सपशेल खोटी ठरते. एवढा एकच पुरावा. तो त्यानं थोडा वेळ ठेवला आणि भीतीनं त्या भोकात टाकून दिला.

माझे बाबा बेळगावात एका छापखान्यात खिळे जुळवायचे, पुढं एका पेपरात प्रुफं तपासायला लागले. शहापुरातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात कॉटखाली एक पत्र्याची ट्रंक होती, अजून आहे, त्यात त्यांची कात्रणं. रविवारी दुपारी जेवण झालं की ते मैद्याची खळ करायचे, कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायचे, आम्हा पोरांना हात लावू द्यायचे नाहीत, विषारी असतंय म्हणून, आणि मग एकेक कात्रण जुन्या हिशेबाच्या वहीत डकवून कोपऱ्यात बॉलपेननं तारीख घालायचे. १९६७ चा सीमावादावरचा महाजन आयोगाचा अहवाल. १९८६ च्या जूनमधलं कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन, ते दिवस मला आईच्या तोंडूनच माहीत, त्यातल्या एका वहीचं पान पाण्यानं फुगलंय. २००४ ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला त्याच्या बातम्या, आणि शेवटचं मोठं कात्रण १ नोव्हेंबर २०१४ चं, शहराचं सरकारी नाव बेळगावचं बेळगावी झालं तेव्हाचं. त्याच ट्रंकेत कन्नड पेपरांची पण कात्रणं आहेत. बाबांना कन्नड चांगलं वाचता यायचं आणि ते म्हणायचे, आपल्याला न पटणारं जे छापून आलंय ते आधी जपून ठेवायचं, आपलं आपण विसरत नाही.

मला तेव्हा कंटाळा यायचा. एवढा कचरा कशाला, असं मी एकदा बोललो पण होतो त्यांना. आता वाटतं की सीमाभागात राहणाऱ्या माणसानं, तो मराठी असो नाहीतर कन्नड, दुसरं करावं तरी काय? पाट्या बदलतात, बसवरच्या अक्षरांची लिपी बदलते, फॉर्म बदलतात, शाळेचं नाव बदलतं आणि दहा वर्षांनी पोराला वाटतं हे असंच होतं. बाबांनी कधी मोर्चात घोषणा दिल्याचं मला आठवत नाही, पण ती ट्रंक त्यांनी कधी विकू दिली नाही. विन्स्टनला जे जमलं नाही ते खळीची वाटी घेऊन ते आयुष्यभर करत होते.

आणि मी काय करतो? माझं यंत्र सगळं बघतंय आणि काहीच ठेवत नाही. चार कॅमेरे, एक टीबीची हार्ड डिस्क, दहा-बारा दिवस रेकॉर्डिंग राहतंय, डिस्क भरली की डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा, सगळ्यात जुनं पुसतो आणि त्यावर नवं लिहितो. मागं खडे बाजाराकडचा एक कापड दुकानदार माझ्याकडं आला होता, वडील वारून महिना झालेला. म्हातारा तीन वर्षं रोज गल्ल्यावर बसायचा, कॅमेरा बरोबर त्याच्या डोक्यावर. म्हणाला, "एखादं तरी क्लिप काढून द्या, चालता-बोलता दिसतील असं, आमच्याकडं फोटोच आहेत नुसते." मी डीव्हीआर उघडून बसलो. मागं मागं गेलो. गल्ल्यावर मुलगा बसलेला, रिकामी खुर्ची, परत मुलगा, आणि त्याच्या मागं काही नाही. हजारभर दिवस टिपलेला माणूस, त्यातला एक मिनिट पण शिल्लक नव्हता. त्या माणसाला ते कसं सांगितलं ते मला अजून आठवतंय आणि नकोसं होतंय.

बघणं आणि लक्षात ठेवणं या दोन गोष्टी मी एकच समजत होतो, त्या नाहीत. ऑरवेलच्या राज्यात लोकांवर नजर आहे ती त्यांची आठवण राखायला नव्हे, त्यांनी आठवण राखू नये म्हणून आहे. डायरी लिहिणं हाच तिथं गुन्हा. आणि शब्द पण कमी करत आणतात, विन्स्टनचा साइम नावाचा ओळखीचा आहे, शब्दकोशाच्या खात्यात, तो जेवता जेवता आनंदानं सांगतो की दरवर्षी शब्द कसे कापत चाललोय, म्हणजे एक दिवस सरकारविरुद्ध विचार करायला शब्दच उरणार नाहीत. पुढं साइमच नाहीसा होतो. ते वाचताना मला गणपत गल्लीतला बाजार आठवला, जिथं भाजीवाली एका दमात मराठीत भाव सांगते, कन्नडमध्ये घासाघीस करते आणि हिंदीत ओरडते. आमचं तूप कन्नडमधनं आलंय, अडकित्ता तिकडनं आलाय, अक्का-अण्णा तर घरातच आहेत. इथं कुणाच्या बापाला शब्द कमी करता येणार नाहीत, असं म्हणायचा मोह होतो. पण ते आपोआप राहत नाही, कुणीतरी बोलत राहावं लागतंय, घरात, मोठ्यानं, ऐकलं जाईल याची भीती न बाळगता.

घरात म्हटलं, आणि परत आजीपाशी आलो. कादंबरीत पार्सन्स म्हणून शेजारी आहे, भोळा माणूस, त्याला त्याचीच सात वर्षांची पोरगी पकडून देते, तो झोपेत सरकारविरुद्ध बरळला ते तिनं किल्लीच्या भोकातनं ऐकलेलं असतं. आणि तो कोठडीत बसून म्हणतो की मला तिचा अभिमान आहे. त्या पानावर माझ्या अंगावर काटा आला. आजीचा मुलगा असा नाही, अजिबात नाही, तो आईवर जीव टाकणारा आहे, गोळ्या घेतल्या काय, पाणी प्यालीस काय, दिवसातनं चारदा विचारायचा. पण त्या घरात भिंत त्याच्याच आवाजात बोलायची. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, आणि ती केस ज्यांच्या नावानं आहे ते के. एस. पुट्टस्वामी आपल्याच कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश. २०२३ चा डेटाचा कायदा आला, पण घरगुती, स्वतःच्या कामासाठी जे केलंय त्याला तो लागू नाही. म्हणजे माजघरातल्या त्या कॅमेऱ्यापाशी कायदा थांबतोय. तिथं फक्त आम्ही तिघं होतो, आजी, मुलगा आणि शिडीवर मी.

पावसाच्या शेवटी तिकडनंच फोन आला, वीज कडाडली तेव्हा अ‍ॅडॉप्टर जळालाय, बदलून द्या. गेलो. अ‍ॅडॉप्टर बदलला, कॅमेरा चालू झाला, गोल फिरून जागेवर आला. आजी माजघरात नव्हती. परड्याच्या दाराच्या आतल्या अंगाला, धान्याच्या कणगीमागं, भिंत आत गेलीय तिथं ती बसली होती. पाट टाकलेला. पाटाशेजारी मिश्रीची डबी, वातींसाठी कापूस, एक फणी, आणि झाकण ठेवलेली जेवणाची ताटली. भिंतीला पाठ टेकून टेकून तिथला सारवलेला भाग गुळगुळीत झाला होता. मी खिशातनं मोबाईल काढून बघितलं, लाइव्ह लावून. चूल दिसत होती, सोपा दिसत होता, कणगी दिसत होती. आजी दिसत नव्हती.

हे तिनं कुठल्या मोबाईलवर बघून शोधलं नव्हतं. कॅमेरा कुठं वळतो, कुठं थांबतो हे नुसत्या डोळ्यानं बघत बघत तिनं घरातली ती एक जागा हुडकून काढली होती. स्वतःच्या घरात, जिथं ती सून म्हणून आली त्या घरात.

"इथं का बसलाय आजी? गार लागतंय की," मी म्हणालो.

"बरं वाटतंय इथं," एवढंच म्हणाली. मग जरा वेळानं, "मिश्री लावलेली त्याला आवडत न्हाई. आणि शेजारीण आली तर काय बोलणार रे, पोरगं कामात असतंय तिकडं, त्याला कशाला सगळं ऐकायला."

मी तिथंच पायरीवर बसून पुण्याला फोन लावला. भांडलो नाही. फोटो पण पाठवला नाही, पाठवला असता तर तीही जागा गेली असती. नुसतं सांगितलं की आई कुठं बसते ते मी बघितलंय आणि घरात एवढी जागा असताना ती कुठल्या कोपऱ्यात जेवते ते तुम्ही एकदा येऊन बघा. पलीकडनं बराच वेळ काही आवाज आला नाही. मग तो म्हणाला, काढून टाका.

मी आजीला सांगितलं, काढतो. तर आजीनं हात वर केला. "राहू दे. काढलास तर त्याला झोप लागणार न्हाई. पण चुलीकडं नको."

मग कुठं, असं विचारल्यावर ती उठली, माजघर ओलांडून सोप्यात गेली आणि उंबऱ्यापाशी उभी राहून म्हणाली, हितनं बाहेर. येणारा-जाणारा दिसू दे, तुळस दिसू दे, मी सकाळी पाणी घालायला जाते तेवढी दिसली की त्याला कळतंय मी आहे म्हणून. मी गोल फिरणारा कॅमेरा काढला, गाडीत एक साधा स्थिर होता तो सोप्याच्या चौकटीवर बाहेर तोंड करून लावला. केबल ओढली, क्लिपा मारल्या, माजघरातली भोकं पांढऱ्या सिमेंटनं बुजवली. मोबाईलवर दाखवलं तिला, उंबरा, पायऱ्या, तुळशीकट्टा, पलीकडं रस्त्याचा तुकडा आणि पाणी निथळणारा फणस. तिनं डोळे बारीक करून बघितलं.

"आवाज पण जातोय काय त्यातनं?"

"जातोय," मी म्हणालो.

"मग तो बंद कर."

मी सेटिंगमध्ये जाऊन माइक बंद केला, परत एकदा तपासला. तोवर आजी आत गेली होती. चुलीपाशी पाट ओढल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळानं भाकरी थापायला लागली.